थांबू नका, कृपया नोंद घ्यावी

परवा नळ आले आणि आमच्या गल्लीत कुणालाच पत्ता नाही. मी कंपनीतून घरी येते तर गटारीला स्वच्छ पाणी वाहतंय. आठवडा उलटून आलेलं पाणी, तेही जालन्यातलं, आणि ते असं गटारीत! ओरडत ओरडत मी हंडे लावले, तोवर धार करंगळीएवढी झाली होती. पलीकडची म्हणाली, "कुणी आवाजच दिला न्हाई वो." आता आवाज कोण देणार? आवाज देणारा माणूस गेला त्याला वर्ष होत आलं. तरी मला राग आला तो त्यांचाच. गल्लीला अशी सवय लावून निघून जायचं असतं का?

भालेराव काका म्हणजे आमची भिंतीला भिंत. नवीन जालन्यात स्टेशनच्या मागच्या अंगाला आमची ही कॉलनी. मी बियाण्याच्या कंपनीत प्रयोगशाळेत, आणि काका बसस्टँडवर कंट्रोलर, चौकशीच्या खिडकीत. उभा जन्म माईकसमोर गेला. रिटायर झाले तेव्हा माईक सुटला पण सवय सुटेना. नळ आले की गेटात उभे राहायचे, उजव्या हाताची मूठ तोंडासमोर धरायचे, एकदा खाकरायचे आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "नळ आले आहेत. दाब कमी आहे. मोटारी लावू नयेत. कृपया नोंद घ्यावी." पोरं हसायची. आम्ही हंडे घेऊन पळायचो.

खिडकीत बसणारी माणसं बहुतेक "येतेय, येतेय" म्हणणारी असतात. गाडी डेपोतच पंक्चर होऊन पडलेली असली तरी येतेय. काका तसले नव्हते. घनसावंगीची गाडी येणार नसली की सरळ माईकवर सांगायचे, "घनसावंगीकडे जाणारी गाडी रद्द झाली आहे. ती येणार नाही. थांबू नका. कृपया नोंद घ्यावी." लोक शिव्या घालायचे, खिडकीवर थापा मारायचे, आणि बोचकी उचलून जीपकडं जायचे. वरच्या साहेबानं एकदा झापलं, की तुम्ही आमची गिऱ्हाइकं जीपवाल्यांच्या घशात घालून राह्यलात. काका म्हणाले, "साहेब, माणसाला थांबवून ठेवणं लई वाईट. न्हाई म्हणलं की माणूस शिव्या देतो अन् रस्त्याला लागतो. येतेय म्हणलं की दिवसभर उन्हात वाळतो." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की माझी पोरगीसुद्धा त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायची.

बायकोलाही सूट नव्हती. कमलकाकू लहानग्या मिलिंदला कडेवर घेऊन माहेरी निघाल्या होत्या. काकांनी खिडकीतून बघितलं, ओळख दाखवली नाही, आणि त्याच कोरड्या आवाजात गाडी रद्द झाल्याचं सांगून टाकलं. काकू अजून सांगतात, "संसारातलं माझ्याशी बोलायचं सगळं त्यांनी माईकवरच उरकलं गं."

खरं बोलण्याचा हा रोग नुसता स्टँडवरच असता तर परवडलं असतं. माझ्या दिराच्या सोयरिकीच्या वेळी पोरीचे वडील शेजारपाजारी चौकशी करत फिरले. नेमके काकांच्या दारात गेले! काकांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं, "पोरगं कामाला चांगलंय. रागीट न्हाई. तंबाखू खातो, घरच्यांना वाटतं सुटली, पण सुटलेली न्हाई." आमच्या घरात बॉम्ब पडला. सासूबाईंनी सहा महिने त्या घराकडं तोंड केलं नाही. लग्न मात्र झालं, आणि माझी जाऊ आजही नवऱ्याला पुडी दिसली की म्हणते, "मला बापानं आधीच सांगितलं होतं, फसवलं कुणी न्हाई."

आता डब्याचं सांगायला पाहिजे.

शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही पद्धत सगळ्यांकडेच आहे. पण कमलकाकूंकडं तिचा कायदा होता. काही नसलं तर चिमूटभर साखर, पण रिकामा डबा दिला की काकूंचा चेहरा पडायचा. "रिकामा डबा म्हंजे घरात कुणी उरलं न्हाई असं वाटतं," म्हणायच्या. मिलिंद हे शिकूनच मोठा झाला. तो इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर होता तेव्हा दर आठवड्याला स्टीलचा एक कडीचा डबा गाडीच्या ड्रायव्हरबरोबर जायचा आणि परत यायचा. काका खिडकीतून हात बाहेर काढून तो घ्यायचे आणि न उघडता घरी आणायचे, कारण उघडायचा मान काकूंचा. कधी त्यात पेरू असायचा, कधी शेंगदाणे, आणि महिनाअखेरीला पैसे संपले की मेसमधली साखर कागदाच्या पुडीत. काकू ती पुडी मला दाखवायला भिंतीपाशी यायच्या.

पोरगं शिकलं, नोकरीला लागलं आणि फिनलंडला गेलं. हेलसिंकी, तिथली राजधानी. समुद्रकाठचं शहर. दोन वर्षं झाली तसं त्यानं दोघांचीही तिकिटं काढली. व्हिसे झाले. आणि काकूंच्या छातीत दुखायला लागलं. बायपास झाली. डॉक्टर म्हणाले, प्रवास तर नाहीच, आणि पुढं दोन-तीन महिने कसलाही धक्का नको. मग ठरलं की काकांनी एकट्यानं जाऊन यायचं, चारच दिवस. मिलिंद फोनवर म्हणाला, "चार तर चार बाबा. काही धावपळ न्हाई करायची. आरामात फिरू, बसू, खाऊ." गल्लीत चेष्टा झाली, एवढं लांब जायचं आणि चार दिवस! काका म्हणाले, "परतीची गाडी ठरलेली आहे."

गुरुवारचं विमान होतं. सोमवारी सकाळी काका भिंतीपाशी आले. मी पोळ्या करत होते. म्हणाले, "सुनंदा, गॅस बंद कर." मी केला. मग माझ्याकडं न बघता सांगितलं, "मिलिंद पाण्यात पडला. मित्रांबरोबर छोट्या नावेत गेल्ता, रविवारचं. नाव उलटली. बाकीचे निघाले. शोधून राह्यलेत." 

जालन्याच्या पोराला पोहणं कुठून येणार? आमच्याकडं बादलीभर पाण्यात दोघं आंघोळ करतात. हे माझ्या मनात आलं आणि मला माझीच शरम वाटली.

"काकूला?" मी विचारलं.

"डॉक्टर न्हाई म्हणतात. बिलकुल न्हाई. अन् अजून सापडला बी न्हाई. सापडंल कदाचित. कुठल्या बेटावर चढला असंल." काका असं बोलले. "असंल," "कदाचित." जन्मात पहिल्यांदा.

मंगळवार-बुधवार काकूंनी लाडू केले, बेसनाचे. धपाटे केले. मी शेजारी बसून वळायला मदत केली. मला अजून कळत नाही ते माझ्या हातून कसं झालं. काकू विचारायच्या, "फोन का लागंना गं मिलिंदचा?" काका आतून सांगायचे, "बिघडलाय. मी गेल्यावर नवा घेऊ." गुरुवारी तोच कडीचा डबा काकूंनी स्वतः काकांच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "रिकामा देऊ नको म्हणावं त्याला, राजधानीत राह्यतोस आता." काका त्याच तिकिटावर गेले. फिरायला म्हणून काढलेल्या तिकिटावर. त्या माणसाची पाठ गल्लीच्या तोंडाशी दिसेनाशी होईस्तोवर काकू हात हलवत होत्या, आणि मी त्यांच्या मागं उभी.

परत आले तेव्हा पहिल्यांदा मला गेटात गाठलं. "न्हाई सापडला. शोधायचं थांबवलं त्यांनी." एवढंच बोलले. मग चप्पल काढून घरात गेले आणि काकूंना म्हणाले, "आलो बघ. मिलिंद बराय. कामासाठी उत्तरेकडं पाठवलंय त्याला, तिथं फोन लागत न्हाई." सगळं जमिनीकडं बघून.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ओट्यावर दोन खुर्च्या पडायच्या आणि काका ते शहर सांगायचे. मी भिंतीच्या अलीकडे भाजी निवडत ऐकायचे. काय सांगायचे! ट्राम हिरवी-पिवळी, रस्त्याच्या मधून चालते, आणि खांबावर पाटी असते, दोन मिनिटांत येणार म्हणलं की दोनच मिनिटांत येते. "खोटं बोलतच न्हाई ती पाटी." एक पांढरं शुभ्र चर्च, त्याला डोंगरासारख्या पायऱ्या, आणि लोक त्या पायऱ्यांवर नुसते बसतात. काही विकत न्हाई, काही मागत न्हाई, नुसते ऊन खातात. नारिंगी छपरांचा बाजार, त्यात मटाराच्या शेंगा मापानं मोजून देतात आपल्याकडल्यासारख्या, आणि साहेब लोक त्या कच्च्याच सोलून खात चालतात. पांढरे मोठे पक्षी म्हाताऱ्या बाईच्या हातातलं आइस्क्रीम पळवतात अन् ती बाई हसते. रात्री दहाला उजेड. "झोपायचं कधी तेच कळत न्हाई. मी एका बाकड्यावर बसून राह्यचो. लई आराम केला. चार दिवस नुसता आराम."

मला आधी वाटलं हे सगळं रचून सांगताहेत. नंतर लक्षात आलं, त्या माणसाला रचता येतच नव्हतं. जे दिसलं तेच सांगत होते. फक्त बाकड्यावर का बसले होते ते सांगत नव्हते.

आणि काकू? काकू "हं, मंग?" म्हणायच्या.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांचं बीपी बघायला गेले होते. काका औषधं आणायला गेलेले. काकूंनी पिशवीतून डबा काढला. हलका लागला तशा थबकल्या. कडी काढली. आत काहीच नाही. धुतलेलासुद्धा नव्हता, तळाला पांढरट डाग. काकूंनी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"साखर न्हाई," म्हणाल्या. "खारट लागतंय."

मी बीपीच्या मशीनचा पट्टा गुंडाळायला लागले.

"गेला नं गं माझा मिलिंद?"

मी रडायला लागले. दुसरं काय करणार होते? बायपासच्या बाईसमोर मी रडले, आणि तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला. काकू भिंतीकडं बघत होत्या. छातीवर दुसरा हात घट्ट धरलेला. मी डॉक्टरांना फोन करते म्हणाले तर मानेनं नको म्हणाल्या. "तो असता तर पाला तरी घातला असता त्यात झाडाचा," म्हणाल्या. मग डबा पदरानं पुसला, फळीवर ठेवला आणि मला बजावलं, "कसं झालं ते तू सांगू नको. अन् मला कळलंय हे त्यांना सांगशील तर माझी शपथ हाय. त्यांनी सांगायचं. त्यांच्या तोंडून ऐकल्याबिगर मी मानणार न्हाई."

झालं! एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला काकू आणि मधे भिंतीला चिकटलेली मी. दोघांची गुपितं माझ्या पोटात. कंपनीत ट्रेमधले कोंब मोजता मोजता मी मधेच आकडा विसरायचे. संध्याकाळी घरी यायलाच नको वाटायचं, आणि घरी आले की कान तिकडंच.

जुलै गेला. डॉक्टर म्हणाले, आता प्रकृती सुधारली, सावकाश सांगायला हरकत नाही. मी काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "सांगा आता." म्हणाले, "आज सांगतो." त्या संध्याकाळी पुन्हा ट्राम. दुसऱ्या दिवशी, "आज सांगतो," आणि पुन्हा चर्चच्या पायऱ्या. शेवटी मी चिडले. म्हणाले, "काका, माणसाला थांबवून ठेवणं लई वाईट, कोण म्हणायचं हे?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की शब्द परत घ्यावेसे वाटले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. "बाई," म्हणाले, "खिडकीत असताना मला माहीत असायचं गाडी येणार न्हाई ते. इथं मला काय माहितीय? कुणी पाह्यलंय त्याला? काहीच न्हाई हातात. कशाच्या जोरावर सांगू?"

तेव्हा मला समजलं की काकूंना नाही, हा माणूस स्वतःलाच सांगत नव्हता. अजून स्टँडवर उभाच होता.

त्या थंडीत काका गेले, झोपेतच. बुद्धवंदना झाली, सगळी गल्ली आली. पण त्यांचा तो चेहरा माझ्या लक्षात नाही. लक्षात आहेत ते त्याआधीचे काका, श्रावण संपता संपताच्या एका संध्याकाळचे.

खुर्च्या पडल्या होत्या. काका बाजाराचं सांगत होते, मटाराच्या शेंगांचं, मला वाटतं विसाव्यांदा. काकूंनी "हं" केलं नाही. त्या म्हणाल्या, "समुद्राचं सांगा."

काका थांबले.

"समुद्राचं गाव म्हणता. इतके दिस झाले, पायऱ्या सांगितल्या, पक्षी सांगितले. समुद्राचं नावच घेत न्हाई तुम्ही." आवाज अगदी साधा, मीठ संपलंय सांगावं तसा. "बाकडं कुणीकडं तोंड करून होतं?"

मी हातातली भाजी खाली ठेवली. आत जावं की थांबावं कळेना.

काकांनी उजव्या हाताची मूठ केली आणि गुडघ्यावर ठेवली. खाकरले. आणि मग त्या जुन्या, कोरड्या आवाजात, पण हळू, एवढंच की भिंतीच्या अलीकडं जेमतेम ऐकू यावं, सांगायला लागले. बाकडं समुद्राकडं तोंड करून होतं. चार दिवस त्या बाकड्यावरच होतो. लांब पोलिसांच्या नावा फिरायच्या. ट्राम पाठीमागून जायची. पायऱ्या एकदाच बघितल्या, पोलिसाकडं जाताना. लोक येऊन शेजारी बसायचे, शेंगा खायचे, कुणी हसून बघायचं, त्यांना वाटायचं फिरायला आलाय म्हातारा. चौथ्या दिवशी एक बाई आली, पोलीस, पोरीच्या वयाची. मिलिंदचा मित्र मधे बोलून सांगायला होता, पण तिच्या तोंडाकडं बघूनच कळलं. तिनं येतेय येतेय केलं न्हाई. शोध थांबवला म्हणाली. आता मिळेल असं वाटत न्हाई म्हणाली. वाट बघू नका म्हणाली. 

"चांगली होती बाई," काका म्हणाले. "बराबर सांगितलं तिनं."

काकू ऐकत होत्या.

"लाडू एक एक करून सोडले पाण्यात. दोन-चार पक्ष्यांनी नेले. अन् डबा..." इथं पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला. "डबा मी रिकामा आणत नव्हतो, कमल. मी त्यात पाणी घेतलं होतं. तिथलंच. पायऱ्या उतरून, वाकून घेतलं. दुसरं काय होतं त्याचं आणायला? कडी घट्ट लावली, वरून रुमाल बांधला. विमानतळावर एका पोरीनं डबा उघडायला लावला. पाणी नेता येत न्हाई म्हणली. मला इंग्रजीत सांगता येईना. काय सांगणार? तिनं माझ्यादेखत ओतून दिलं. रिकामा डबा माझ्या हातात दिला अन् म्हणली, प्रवास चांगला होवो."

काकूंनी विचारलं, "गार होतं का वो पाणी?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस खोटं बोलेल. बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. नव्हतं फार, म्हणावं. काय बिघडणार होतं?

"गार होतं," काका म्हणाले. "लई गार होतं, कमल. मनगटापर्यंत हात घातला तर हाताचं भान गेलं."

काकूंनी मान हलवली. "मिलिंद येणार न्हाई," त्या म्हणाल्या.

"न्हाई येणार," काका म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या अंगणातल्या नळानं घरघर केली, हवा सोडली आणि धार सुरू झाली. दहा दिवसांनी नळ आले होते, चांगल्या दाबानं. काकांची मूठ आपसूक वर गेली, तोंडापर्यंत. गेटाकडं मान वळली. ओठ हलले. आणि ती मूठ तशीच खाली आली आणि काकूंच्या मांडीवर जाऊन उघडली. काकूंनी ती दोन्ही हातांत धरली.

हौद भरला, वाहायला लागला. पाणी फरशीवरून आलं, दोघांच्या पायांखालून गेलं, गेटाखालून रस्त्यावर उतरलं. मी अलीकडं उभी होते, माझेही हंडे रिकामेच होते, पण माझ्याच्यानं जागचं हलवलं नाही.